उलटं ठेवलेलं मशीन

रविवार, संध्याकाळ

शुक्रवार पेठेतल्या घरी ऋचा आणि केदार शाळेतून आली की गेमचं मशीन उलटं ठेवायची. सुलटं ठेवलं तर सीडी चालायचीच नाही. गेममधला माझा स्केटबोर्डवाला पहिल्याच कठड्याला आपटायचा. "आई, उडी मार की," दोघं एकदम ओरडायची.

आज त्या गेमवरची डॉक्युमेंटरी पाहिली. बनवणाऱ्यांचे केसही आता पिकलेत. मशीन उलटं ठेवणारं त्यात कुणीच नव्हतं. आमच्याकडेच का तसं?

मग केदारचा फोन, "आई, ते मशीन मला दे." थोड्या वेळानं ऋचाचंही तेच मागणं. भावाबहिणीत वर्षभर बोलणं नाही. समजावून मी थकले.

खेळायचं तर एकानं दुसऱ्याकडे जावं, अशीच वाटणी करते. मशीन ऋचाला. सीडी आणि दोन्ही रिमोट केदारला.