ब्रेकबाईंची गाडी, घर आणि अर्धी कादंबरी

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने मोटार चालवायला शिकवणारी आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. डॉक्टर माझेच विद्यार्थी. चौकात त्यांना डावे-उजवे अजून कळत नाही, तरी त्यांचे वैद्यकीय मत ग्राह्य धरावे. पूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती.

१. राहते घर धाकट्या बहिणीला. तिच्या यजमानांनी माझ्या लिहिण्याच्या टेबलावर इस्त्री करू नये, एवढीच अट. हेच मेहुणे मला सांगत, "ताई, इतकं छान लिहिता, मग ही ड्रायव्हरकी कशाला? सोडा नोकरी." एकदा त्यांचे ऐकून मी वर्षभर घरी बसले. त्या वर्षात माझ्या पात्रांनी खिडकीबाहेर पाहिले, उसासे टाकले आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहिले. कोणी कोणाशी भांडेना, कारण मीच कोणाला भेटत नव्हते. त्या वर्षाचे हस्तलिखित मेहुण्यांना देते. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचावे.

२. पुरस्कारांची स्मृतिचिन्हे ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना. चढावर चाकाखाली लावायला बरी. मला 'ब्रेकबाई' हे नाव त्यांनीच पाडले. पहिली कादंबरी कोणी छापेना, तेव्हा ते म्हणाले, "पगार चालू आहे ना? मग घाई कसली? पुन्हा लिहा." इतके नेमके मार्गदर्शन मला कुठल्याही परिसंवादात मिळाले नाही. घरी बसण्याचे ते वर्ष वाया घालवून मी शाळेत परत गेले, तेव्हाही त्यांनी काही विचारले नाही. "बसा गाडीत. एक बाई केव्हाच्या थांबल्यात," एवढेच म्हणाले.

३. माझी शिकवणीची गाडी, जिला शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक आहे, ती त्या थांबलेल्या बाईंना. त्यांचे यजमान नुकतेच वारले होते. "त्यांनी मला कधी किल्लीसुद्धा धरू दिली नाही," बाई म्हणाल्या, "आता बघू कोण अडवतं!" आणि ॲक्सिलरेटरवर असा पाय दाबला, की मी माझा ब्रेक दाबला नसता तर हे मृत्युपत्र लिहायचे राहूनच गेले असते. स्टिअरिंग घट्ट धरलेल्या माणसाला खोटे बोलायला सवड नसते. शिकवणी संपेपर्यंत बाईंच्या बोलण्यातून सासू, दीर, भाऊ सगळे मागच्या सीटवर येऊन बसले होते. मी घरी गेले आणि लिहीत सुटले.

पुस्तक निघाल्यावर बाई दारात उभ्या.

"ही मीच ना?"

"तुम्हीच."

"मग मी शेवटी घर विकून भावाकडे मुकाट्यानं का राहायला जाते?"

"कादंबरीची तशी गरज..."

"खड्ड्यात गेली गरज! मी भावाला गाडीत घातलं, गावाबाहेर नेलं आणि सांगितलं, घर विकणार नाही. पटत असेल तर बस, नाहीतर उतर."

"मग?"

"उतरला. चालत आला. पण घराचं नाव पुन्हा काढलं नाही."

दुसऱ्या आवृत्तीत मी शेवट बदलला आणि भावाला गावाबाहेरून चालत आणले. तेव्हापासून बाई माझ्या पहिल्या वाचक आणि त्यांचे भाऊ माझ्याशी अबोला धरून.

४. अर्धी राहिलेली कादंबरीही बाईंनाच. "मला कुठं लिहिता येतं?" असे त्या म्हणतील. गाडी तरी कुठे येत होती?

लाभार्थ्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून दुसरी सही बाईंच्या भावाची घेते आहे. पेन हातात घेताना त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडले: "पुढच्या पुस्तकात मला निदान रिक्षा तरी मिळू द्या."

मी म्हटले, "आता बहिणीशी जुळवून घ्या. यापुढे तीच लिहिणार आहे."

स्थळ: ड्रायव्हिंग स्कूलचे कार्यालय, मालकांची खुर्ची
दिनांक: आजचा सोमवार, शिकवणी संपल्यावर

साक्षीदार १: डॉक्टर (सही)
साक्षीदार २: बाईंचे भाऊ (सही)

लिहून देणार: ब्रेकबाई (सही)