पायरीखालची पांढरी जागा

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एकदाही पत्र लिहिलं नाही. आज लिहायला बसले, कारण समोर टेबलावर तुम्ही घेतलेल्या फोटोची एक जुनी काच आहे, निगेटिव्हची. शेजारी उकळून गार केलेलं पाणी आहे, कापसाचे बोळे आहेत, आणि काचेला हात लावायची माझी हिंमत होत नाही. चार वाजता नगरपालिकेत सुनावणी आहे. आता अकरा वाजलेत. तुम्ही असतात तर जिन्यातून हाक मारून मी विचारलं असतं, "बाबा, धुऊ का?" आता कोणाला विचारू?

पहिल्यापासून सांगते.

आपल्या पेठेचा रस्ता रुंद होतोय. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या सगळ्यांना तिथून उठावं लागणार. ज्यांची बसण्याची जागा जुनी आहे त्यांना नव्या बाजारात ओटा मिळेल, आणि ओटे मोजकेच आहेत. पण जुनी आहे हे दाखवायचं कसं? पावती नाही, पाटी नाही, भिंतसुद्धा नाही. मग पेठेतल्या व्यापाऱ्यांना आठवण झाली तुमच्या फोटोंची.

तुमच्या मित्राचा, जुन्या शेठजींचा मुलगा रमणशेठ आता व्यापाऱ्यांचा पुढारी आहे. त्याने नगरपालिकेच्या सभागृहात पेठेची सगळी जुनी चित्रं ओळीने लावली. सुरुवातीला शेठजींच्या घरातलं ते कापडावरचं चित्र. आठवतं? कुणा फिरत्या चित्रकाराने काढलेलं, त्यात पेठेला अजून दरवाजा आहे, दुकानं तीनच, आणि बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या. त्यानंतर आजोबांनी साहेबाच्या काळात घेतलेला फोटो. आणि मग तुमचे, ओळीने सात वर्षं कापूस-खरेदीच्या मुहूर्ताला घेतलेले. समोरच्या गच्चीवर कॅमेऱ्याची तिवई तीच, कोपराही तोच. वरवट बकालकडून, वडनेर भोलजीकडून आलेल्या गाड्यांची रांग, पहिल्या गाडीच्या बैलांना झेंडूचे हार, मागे शेठजींचं गोदाम आणि त्याच्या दगडी पायऱ्या.

लोक बघत होते, बोट दाखवून आपापल्या आजोबांना शोधत होते. मला मात्र एकच जागा दिसत होती. शेवटच्या पायरीखालची. तिथे तुमच्या प्रत्येक फोटोत स्वच्छ पांढरी धूळ आहे.

तुम्हाला माहीत आहे तिथे काय होतं. मलाही माहीत आहे. ती धूळ मी रंगवलेली आहे.

मी आठवीत होते. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर चित्रकलेच्या तासाला मला पुढे बसवत, कारण माझी पेन्सिल थरथरत नसे. तुम्हाला याचा केवढा अभिमान! त्या वर्षी पहिल्यांदाच मुहूर्ताचा फोटो शेठजींच्या दिवाळीच्या कॅलेंडरवर छापायचा होता. शेठजी स्टुडिओत आले, फोटो डोळ्याजवळ धरला आणि म्हणाले, "मास्तर, पेठ कशी नवरीसारखी दिसली पाह्यजे. ते पायरीखालचं पोत्यांचं लटांबर काढून टाका बरं."

तुम्ही टेबलावरचा ब्रश उचलला, खाली ठेवला, आणि म्हणालात, "बेबीचा हात चांगला आहे. ती करील."

ते लटांबर म्हणजे जनाबाई आणि तिच्या बरोबरीच्या बाया. फाटकी पोती मांडीवर घेऊन दाभणाने सुतळीचे टाके घालणाऱ्या. पेठेतला एक दाणा त्यांच्या टाक्यावाचून कुठे गेला नसेल. आणि मी स्टुलावर बसून काचेवर लाल रंग लावत गेले. काचेवर लाल लावलं की छापताना तिथे पांढरं येतं, आणि आपली धूळ मुळात पांढरीच, त्यामुळे काम सोपं होतं. आधी डोकी गेली, मग खांदे, मग मांड्या. जनाबाईचं दाभण सगळ्यात शेवटी गेलं, कारण ते बारीक होतं.

तुम्ही पाठीमागे उभे होतात. एकदाच बोललात. "खरवडू नको. आधी रोगणाचा हात दे, ते वाळू दे, मग वरून रंग लाव. खरवडलेलं परत येत नाही."

मला वाटलं, तुम्हाला काचेची काळजी आहे.

त्यानंतर सहा मुहूर्त ते काम माझ्याकडे होतं. शाबासकी मिळायची, मला आवडायची. पण बाबा, पहिल्या वर्षीचीच एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. कॅलेंडर छापून आल्यावर शाळेतून येताना जनाबाईने मला थांबवलं. "माय, फोटोत मी आली का वं?"

मी म्हटलं, "हो, आलात ना."

"हालली तं नाही?"

"नाही."

ती शेजारणीकडे वळून म्हणाली, "पाह्य! माह्या सासूचा हात हालला म्हून तिचा डाग झाला. मी तं श्वाससुदिक धरून बसली व्हती." आजोबांच्या फोटोत पायरीखाली जो धुरकट पट्टा आहे ना, ती तिची सासू. ही गोष्ट तुम्हीच तिला सांगितली होती. म्हणूनच गच्चीवरून तुम्ही "हालू नका" ओरडलात तरी बैल शेपटी हलवायचे, पण ती बाई दाभण हवेत धरून दगडासारखी बसायची. दरवर्षी. मी पुसणार हे माहीत नसताना.

आता तिची नात सविता त्याच पायरीखाली बसते. पोती शिवायचं काम कधीच गेलं. ती पायाच्या मशीनवर शाळेची दप्तरं, प्रवासी बॅगांच्या चेन, ताडपत्र्या शिवते. गेल्या आठवड्यात ती घरी आली. दारातच उभी राहिली.

"जय भीम काकू. मले फक्त एक फोटो पाह्यजे."

"बस तर आधी."

"बसत नाही, मशीन उघडी टाकून आली. आजी म्हणे का फोटोवाले मास्तर दरसाल तिचा फोटो काढत. सभागृहात पाह्यलं मी. एकातही नाही. नगरपालिकेचे साहेब म्हणते, तुमी तर आत्ता आत्ता बसून राह्यल्या. मी म्हटलं, ते कापडावरच्या चित्रात पायरीखाली बाई हाये ना सुई घेऊन, ते कोन हाये? तर रमणशेठ म्हणते, ते चितारी लोकायच्या मनातलं असते. अन् तो डाग? तर म्हणते, डाग म्हणजे डाग." मग ती हसली. "काऊन काकू, आजी खोटं बोलत व्हती का?"

आणि मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, "शोधून बघते."

साठी उलटलेली बाई, बाबा. लहानपणी एकदा खोटं बोलले ते बोलले, पुन्हा तेच. तिच्या आजीला 'आलात' म्हटलं, आणि तिला 'शोधते'. यात शोधायचं काय होतं?

काल संध्याकाळी रमणशेठ आला. येताना पेढे घेऊन आला, तुमच्या फोटोला हात जोडले. म्हणाला, "बेबीताई, मास्तरांचे फोटो म्हणजे पेठेची इज्जत आहे. एवढ्या कागदावर सही करून द्या, की फोटो जसे काढले तसेच आहेत. तुमच्या वडिलांची शोभा तुम्हीच राखायची."

"आणि ती सविता?"

"तिले कोण उपाशी मारून राह्यलं? कुठंही बसंल बिचारी. शहर काय कमी मोठं आहे?"

"मग तुम्हीही कुठेही दुकान लावा, रमणशेठ."

तो हसला. मीही हसले. पण कागद टेबलावरच राहिला. तो आत्ता या काचेच्या बाजूलाच आहे.

सही केली तर तुमचं नाव सभागृहात सोन्याच्या अक्षरात लागेल, असं तो म्हणतो. नाही केली तर मला उभं राहून सांगावं लागेल की मास्तरांचे फोटो खरे नाहीत. तुमच्याच गावात, तुमच्या फोटोखाली उभं राहून. रात्रभर तुमच्यावर चिडले होते मी. शेठजींना नाही म्हणायला काय झालं होतं? नाही म्हणवत नव्हतं, तर ते काम स्वतः करायचं. माझ्या हातात ब्रश का दिलात?

आणि आज सकाळी पेटीतून काच काढताना तुमचं ते वाक्य आठवलं. खरवडू नको.

बाकी गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरचे वांग, देवीचे व्रण तुम्ही खुशाल ब्लेडच्या टोकाने खरवडत होतात, मी पाहिलंय. फक्त याच काचांना रोगण. फक्त इथेच, धुतला तर निघेल असा रंग. मी हे उगीच जोडतेय का, बाबा? मुलगी आहे, जोडणारच. पण तुम्ही खरंच वाट ठेवली असेल, तर ती आहे म्हणून निदान सांगून जायचं ना.

रोगणाला मात्र तडे गेलेत. पाणी खाली उतरलं तर चित्रच सुटून येईल. या पहिल्या वर्षाच्या काचेवर एक गोष्ट आणखी आहे. सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून यायचं, त्यामुळे गच्चीची सावली रस्त्यावर पडे आणि त्या सावलीवर तुमचं डोकं, तुमचे खांदे, तिवईचे पाय. दुसऱ्यांचे फोटो काढण्यात जन्म गेला, स्वतः कधी पुढे उभे राहिला नाहीत. भिंतीवर आहे तो ओळखपत्राचा फोटो मोठा केलेला. तुम्ही काम करताना फक्त इथे आहात, आणि पायरीला अगदी लागून. बाकीच्या वर्षांच्या काचा भिंतीच्या ओलीने एकमेकींना चिकटून गेल्या. ही एकच उरली आहे.

साडेअकरा झाले. धुते आता.

*

दीड वाजला. हात सुकवून लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या.

पहिला बोळा फिरवला आणि पाणी गुलाबी झालं. माझाच रंग, इतक्या वर्षांनी. काच खिडकीशी धरली तर एक खांदा दिसला. मग दुसरीचं डोकं. तेवढ्यात तड्याखालून पापुद्रा उचलला गेला. तुमच्या बाजूचा. मी थांबले. इथेच थांबलं असतं तर तुम्ही राहिला असतात आणि दोन बाया मिळाल्या असत्या, पण चेहरा एकीचाही नाही.

मी पुढे धुतलं, बाबा. माफ करा.

तुमच्या डोक्याभोवतीचं ऊन पाण्याबरोबर वाहून गेलं. आता छापलं तर तिथे काळा डाग येईल. तिवईचे तीन पाय तेवढे राहिलेत.

आणि जनाबाई आली. मोबाईलवर काचेचा फोटो घेऊन काळ्याचं पांढरं केलं, तेव्हा नीट दिसली. मांडीवर पोतं, पोत्याच्या घडीत झोपलेली तान्ही मुलगी, बहुतेक सविताची आई. दाभण हवेत. सुतळीचा पीळसुद्धा मोजता येईल इतकी स्थिर. आणि मान वर करून ती थेट तुमच्याकडे बघतेय.

सविताला फोन केला. म्हटलं, "तुझी आजी सापडली."

तिच्या पायाखाली मशीन चालू होतं, ते थांबलं. मग म्हणाली, "कुठी व्हती, काकू?"

"माझ्यापाशी. मीच झाकून ठेवली होती. तीन वाजता ये, सगळं सांगते. ऐकून रागावलीस तरी चालेल, पण सुनावणीला माझ्याबरोबर चल."

"येतो," ती म्हणाली. काकू म्हटलं नाही.

रमणशेठचा कागद मी उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं, की मुहूर्ताच्या या फोटोंमधली पायरीखालची जागा रिकामी नव्हती; तिथे बसलेल्या बाया मी माझ्या हाताने पुसल्या; त्यांतल्या एका वर्षाची काच धुऊन सोबत आणली आहे. खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

तुमचं नाव त्यात घातलेलं नाही. पण कोणी विचारलं, काम कोणी सांगितलं, तर सांगेन. रोगणाचंही सांगेन. दोन्ही सांगेन, बाबा, एक लपवून दुसरं नाही.

सविताला ओटा मिळेल की नाही, मला माहीत नाही. साहेब म्हणतील, एका फोटोने काय होतं. रमणशेठ ओरडेल, सभागृह भरलेलं असेल. पण तुम्हाला शब्द देते. जनाबाईचा फोटो शेवटच्या माणसाने बघेपर्यंत काच दोन्ही हातांत धरून उभी राहीन, आणि हलणार नाही.

तुमची,
बेबी