ग्लूच्या वाफेत उठलेले ठसे

सोमवार, ६ जानेवारी
बंगळुरात येऊन बारा दिवस झाले आणि आज मला नोकरी लागली! नवरा, अद्वैत, दिवसभर हेब्बाळच्या ऑफिसात, आणि मी घरात खोकी फोडत बसलेली. त्यापेक्षा हे शंभरपट बरं. शिवाजीनगरच्या बस स्टँडमागे, बॅगांच्या दुकानाच्या वर, लाकडी पेनांचं छोटंसं वर्कशॉप आहे. मालक गुरुदत्त. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, पण घरी मराठी बोलतात, मधेमधे कन्नड पेरलेली. पुण्यात सहा वर्षं दागिन्यांवर लॅकर चढवलंय म्हटल्यावर खूश झाले. "सरी अक्का, चालतंय, उद्यापासनं या की!" पवित्रा नावाची बाई लेथवर पेनं कातते. मी त्यांच्यावर चकाकी चढवायची. आधी हे काम श्यामला नावाच्या बाई करायच्या. नोव्हेंबरात सोडून गावी गेल्या म्हणे.

बुधवार, ८ जानेवारी
काम जमलं! पेनाचं लाकूड छोट्या लेथवर हळू फिरत ठेवायचं, टिश्यूच्या घडीवर पातळ सुपर ग्लूचे दोन थेंब घ्यायचे आणि एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत हात न्यायचा. मधे थबकलात की टिश्यू चिकटलाच. असे बारा थर. मग ओल्या पॉलिशपेपरचे नऊ तुकडे, एकापेक्षा एक मऊ. शेवटी शिसव असं दिसतं की आत्ताच पाण्यातून काढलंय. आज तीन पेनं झाली. अण्णांनी एक उन्हात धरून बराच वेळ फिरवून पाहिलं.

फक्त वाफ फार झोंबते. माझी खोली म्हणजे काचेची केबिन. लेथची धूळ ओल्या थरावर बसू नये म्हणून खिडकी स्क्रूनं कायमची बंद केलेली. हवा बाहेर फेकणारा पंखा लावाल का, असं विचारलं. "स्वल्प अ‍ॅडजस्ट करून घ्या अक्का," म्हणाले आणि हसले. मीही हसले.

सोमवार, १३ जानेवारी
खिडकीच्या काचेवर बोटांचे पांढरे ठसे उमटलेत. रेषा न् रेषा स्पष्ट. घरी सांगितलं तर अद्वैत म्हणाला, सोपं आहे. बोटांचा घाम काचेवर राहतो, त्यावर ग्लूची वाफ बसून पांढरी होते, पोलीसही असेच ठसे शोधतात. म्हणजे माझेच. अ‍ॅसिटोननं पुसून टाकले.

गुरुवार, १६ जानेवारी
पुन्हा आलेत. त्याच जागी, खिडकीच्या स्क्रूंभोवती. पुसल्यापासून मी त्या काचेला हात लावलेला नाही. आज मुद्दाम माझा पंजा शेजारी धरून पाहिला. हा पंजा माझ्यापेक्षा लहान, आणि करंगळी खूपच आखूड.

सोमवार, २० जानेवारी
आज ठसे खाली उतरलेले. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, मग भिंतीच्या टाइलवर, मग जमिनीपासून वीतभर उंचीवर. कुणीतरी काचेला धरून घसरत खाली आल्यासारखे.

अण्णांना एवढंच म्हटलं की काचेवर डाग येताहेत. ते अ‍ॅसिटोनची बाटली घेऊन आत आले आणि थेट खालच्या कोपऱ्याशी उकिडवे बसले. कुठल्या काचेवर ते मी सांगितलंच नव्हतं. "जुने आहेत," म्हणाले. पुसून झाल्यावर हात धुऊन जेवायला गेले.

माझं डोकं तेव्हापासून तापलंय.

बुधवार, २२ जानेवारी
पवित्राला चहाला खाली नेलं आणि तिच्याशी मोडक्या हिंदीत बोलले. करंगळीचं सांगितल्यावर ती रडायला लागली आणि मग सगळं सांगितलं. श्यामलाअक्काची करंगळी जन्मापासून आखूड होती.

श्यामला गावी गेलेलीच नाही. अण्णा केबिनच्या दाराला बाहेरून कडी घालायचे, दार उघडं राहिलं तर धूळ आत जाते म्हणून. त्या दिवशी पवित्रा रजेवर होती. अण्णा कडी घालून बँकेत गेले. आत ग्लूची बाटली कापसाच्या चिंध्यांवर कलंडली. कापसावर हा ग्लू सांडला की तो तापतो आणि धुराचे लोट सोडतो. श्यामलाला दमा होता. खालच्या बॅगवाल्यांना फक्त ठोकण्याचा आवाज आला. त्यांना वाटलं, वर काम चाललंय.

अण्णांनी तिच्या नवऱ्याला सांगितलं, हार्ट अटॅकनं गेली. आणि मला सांगितलं, गावी गेली!

शुक्रवार, २४ जानेवारी
अण्णांना तोंडावर विचारलं. त्यांचा चेहराही बदलला नाही. तिला आधीपासनंच दमा होता, देवाची इच्छा, आपण काय करणार, असं म्हणाले. मग होसकोटेच्या एका कंपनीची ऑर्डर मंगळवारी द्यायची आहे, तुमच्या हातचं फिनिशिंग त्यांना फार आवडलंय, हेही त्याच दमात.

दुपारी घरून नेलेला स्क्रूड्रायव्हर घेऊन खिडकीशी गेले. स्क्रूंच्या खाचांत ग्लू भरलेला आहे. चारही स्क्रूंच्या. वरून घासून गुळगुळीत केलेला, चकाकणारा. पवित्रा म्हणते, हे नोव्हेंबरानंतरचं. एका बाईचा जीव गेल्यावर या माणसानं बसून, निवांत, खिडकीलाही फिनिशिंग केलं!

अद्वैत म्हणतो, सोड ती नोकरी. मी सोडली तर अण्णा तिसरीला आणून बसवतील. नाही सोडणार. कामगार खात्यात तक्रार करणार. ठशांचे फोटो काढले तर फोटोत काच कोरी येते. म्हणून आता ही वही बरोबर नेणार, वेळ टाकून सगळं लिहिणार.

सोमवार, २७ जानेवारी
११.२० — दारावर. आतून. कमरेच्या उंचीवर दोन पंजे.

११.५० — माझ्या डोळ्यांदेखत एक उठला. आधी तळवा, मग एकेक बोट. मी काचेला हात टेकला होता, त्याच्या अगदी शेजारी. पवित्रानंही बाहेरून पाहिला. तोंडावर पदर घेऊन उभी राहिली.

मला तेव्हा भीती वाटली नाही. राग आला, इतका की दात दुखायला लागले. आणि तो राग — सगळा माझाच होता का?

मंगळवार, २८ जानेवारी
आज श्वास लागला. मला दमा नाही.
तेरा पेनं केली. कशी केली, आठवत नाही.
तक्रार लिहून झाली. उद्या अण्णांना दाखवून मगच देणार. त्यांना वाचताना बघायचंय.

बुधवार, २९ जानेवारी
१०.४० — अण्णांनी तक्रार वाचली. कागद घडी करून स्वतःच्या खिशात घातला. म्हणाले, पुरावा काय? आणि अ‍ॅसिटोन घेऊन केबिनमध्ये शिरले, सगळे पुसायला. मी बाहेर आले.

१०.४५ — दार बंद झालंय. ते आतून ढकलताहेत. कडी लागलेली नाही. तरी उघडत नाही. पवित्रा खाली माणसं आणायला धावली. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर. हात थांबत नाही, लिहितेच आहे.

१०.४८ — आत धूर. बाटली पडली असणार. काचेवर मोठे पंजे, पुरुषाचे. पांढरे होताहेत. त्यांच्यावर लहान पंजे — त्याच बाजूनं — दाबून धरल्यासारखे — करंगळी —

ते माझ्याकडे बघताहेत. ओठ हलताहेत. ऐकू येत नाही. श्यामलाचंही नसेल आलं.

१०.५० — कडी लागलेली नाही असं वर लिहिलंय. ते खोटं आहे. कडी लागलेली आहे. मी दाराशी उभी आहे आणि माझा डावा हात कडीवर आहे. कधी उठले — कधी लावली —

जिन्यात पावलं. पवित्रा ओरडतेय, तेगी, अक्का, तेगी. काढा म्हणतेय.

काढते. काढणारच आहे. एवढं वाक्य पुरं झालं की लगेच