नववी ‘ब’ची बिनविरोध निवडणूक

सोमवार, १४ जुलै
काल लिहिलं त्यात चूक आहे. ‘आबा म्हणाले, प्राचीला वर्गप्रतिनिधीचा अर्ज मागे घ्यायला लाव.’ आबा असं म्हणालेच नाहीत. जेवताना ताटाकडे बघत एवढंच म्हणाले, “बाकी सगळ्या वर्गांचे प्रतिनिधी बिनविरोध झाले. तुझीच नववी राहिली.” पुढचं वाक्य मी मनात पूर्ण केलं. सरळ सांगितलं असतं तर नाही तरी म्हणता आलं असतं.
काका म्हणून बोलले की मुख्याध्यापक म्हणून? घर एकच, शाळाही एकच. कळत नाही.

मंगळवार, १५
नागरिकशास्त्र. गुप्त मतदान शिकवलं. मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, बिनविरोध झालं तर मतदान लईच गुप्त राहतंय की!” वर्ग हसला. मीही हसले. मग दिसलं, दार उघडं होतं.
लहानपणी, शाळेत घालायच्या आधी, मला सगळं आबांनीच या घरी शिकवलं. मतदानसुद्धा. रात्री पिठलं की आमटी, चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या. आमटी हरली की आबा मुकाट पिठलं खायचे.

बुधवार, १६
काकू भाकरी थापता थापता, “तुझी यंदाची नेमणुकीची ऑर्डर अजून संस्थेच्या अध्यक्षांच्या सहीला पडलीय. ती हातात येऊ दे. मग घाल काय गोंधळ घालायचा तो.” प्राचीच्या विरोधात उभा आहे तो राजवर्धन अध्यक्षांचाच नातू. काकूचं चुकलं कुठं?
आजऱ्याहून आईचा फोन. यंदा कायम होशील ना? हो म्हटलं.

गुरुवार, १७
राजवर्धन स्टाफरूमच्या दारात. “मॅडम, निवडणूक घ्या की. बिनविरोध झालो तर पोरं जन्मभर चिडवतील, आजोबानं बसवलाय म्हणून.”
“आणि हरलास तर?”
“हरतोय कशाला!” मग जरा थांबून, “हरलो तर हरलो.”
म्हटलं, हे आजोबांना सांग.
“तुम्ही आबासरांना सांगा आधी.”
 तास झाल्याची घंटा झाली म्हणून दोघंही सुटलो.

शुक्रवार, १८
इंग्रजीच्या तासाला दोघांची भाषणं ठेवली होती. राजवर्धन धडाधडा बोलला, निम्मं चुकीचं. प्राची आठवडाभर पाठ करत होती. उभी राहिली, ‘डिअर फ्रेंड्स’ म्हणाली आणि खाली बसली.
तासानंतर आली. “मॅडम, मी नाव मागं घेते.”
“का गं?”
“तुमची ऑर्डर अडकलीय न्हवं. सगळ्या वर्गाला ठाऊक हाय.”
त्याचा याच्याशी काही संबंध नाही, असं म्हणायला हवं होतं. तोंडातून निघालं, “सोमवारी बघू.” तिनं मान हलवली. मी आबांपुढे हलवते तशीच.
चौदा वर्षांची मुलगी मला सांभाळून घेते आहे, आणि मी घेऊ देते आहे. 

रविवार, २०
आबा पेपर वाचत होते. एका दमात म्हटलं, “आबा, नववीत मतदान घेते.”
“घे की.” पान उलटलं. “अध्यक्षांना काय सांगायचं तेवढं तूच सांग मग.”
राग नाही, आवाज चढवला नाही.  काकू उठून आत गेली.
दुपारभर वाक्यं जुळवली. अध्यक्षांपुढे म्हणता येईल असं एकही नाही.
प्राचीला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती पुन्हा माझाच विचार करेल.
उद्या सोमवार, २१ जुलै. तिसरा तास. दोन्ही नावं फळ्यावर मी लिहिणार.