होडीचा प्रवेश

३ डिसेंबर, इस्लामपूर
दुपारी मालूकडे पोचले. तिच्या मिस्टरांची ऊसतोड सुरू आहे, टोळी उशिरा आली म्हणून घरात धुसफूस. मला वरची खोली दिलीय. बहीण असली तरी पाहुणी म्हणून चहा कपबशीतून.
शूटिंग नदीकाठच्या गावात. गाडी नेणार, आणणार. दिग्दर्शिका मानसी पुण्याची, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. फोनवर म्हणाली, "मॅडम, तुमची आणि त्यांची जोडी मला फोटोतच पटली." त्यांची म्हणजे कोणाची, ते विचारायचं राहिलं. कोणी रिटायर्ड सुभेदार आहेत म्हणे, साताऱ्याकडे हौशी नाटकांत कामं करतात.
येताना एस.टी.त कादंबरी परत चाळली. तरुणपणी नदीवर ताटातूट, तो पलटणीत, ती काठावरच राहते, उतारवयात पुन्हा गाठ. सांगलीच्या शाळेत इतकी वर्षं मुलींना शिकवली. आता मोबाईलवर दिसणाऱ्या मालिकेत त्यातली उतारवयातली 'ती' मी. हसू येतं.

४ डिसें.
सुभेदार म्हणजे सर्जेराव.
मेकअपच्या तंबूत आधी आरशात दिसले. मी आरशालाच नमस्कार केला, मग मागं वळले. केस सगळे पांढरे, पाठ ताठ. "वळीखलं का?" म्हणाले. म्हटलं, ओळखलं. मेकअपवाला म्हणाला, मॅडम, मान हलवू नका.
बायको जाऊन काही वर्षं झाली. एक मुलगी, प्रज्ञा, साताऱ्यात असते. मला विचारलं, "तुमचं?" लग्न केलं नाही म्हटल्यावर मान डोलावली. नवल वाटल्याचं काही दिसलं नाही.
लिहायला नाव लांब पडतं. नुसतं स. लिहीन.

५ डिसें.
आठवतं तेवढं लिहून ठेवते, नाहीतर मालिकेतलं आणि आमचं एकमेकांत मिसळायचं.
कऱ्हाडचं कॉलेज. गॅदरिंगला ह्याच कादंबरीतला होडीचा प्रवेश केला. मी ती, स. तो. होडी पुठ्ठ्याची. नदी म्हणजे दोन निळ्या साड्या, विंगेतून दोघी हलवायच्या. टाळ्या पडल्या. मग तालीम नसतानाही आम्ही बोलत राहिलो. पुढं तो भरती झाला. जायच्या दिवशी कऱ्हाड स्टँडवर भेटला. बाहेरच्या गाड्यावर उसाचा रस घेतला, बिनबर्फाचा, त्याचा घसा बसला होता. त्यानं काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. त्याची गाडी लागली. मी चालत मलकापूरला, घरी.
एवढंच. ह्याच्यावर कोणी कादंबरी लिहिणार नाही.

८ डिसें.
आज बाजारातल्या भेटीचा सीन. स. वाक्यं विसरतात आणि स्वतःची घालतात, मानसीला तीच आवडतात. शेजारी उसाचं पाचट जाळत होते, काजळी उडून माझ्या पांढऱ्या लुगड्यावर. पुन्हा धुणं, पुन्हा इस्त्री.
चहाला बसलो. म्हणाले, "तू लय बारीक हुतीस तवा. काठावर हुबी ऱ्हायलीस तर वाऱ्यानं पडशील असं वाटायचं." (तुमीचं तू झालं.)
म्हटलं, काठ कसला, फळकुटं होती ती स्टेजवरची.
"ती न्हवं गं. नदीवरची म्हणतोय मी. गेलो त्या दिवसाची."
तेवढ्यात पोरगी चहाचे कप न्यायला आली.

९ डिसें.
गल्लत झाली असेल त्यांची. स्टेजवरचं आणि खरं. इतकी वर्षं बर्फात, बंकरात काढली, माणूस काहीतरी धरून राहतं. त्यात वाईट काय.
बी.पी.ची गोळी संपत आली. मालूला सांगणे.

१२ डिसें.
आज तरुण जोडीचा होडीचा प्रवेश. पहाटे नेलं, धुक्यासाठी. नदीवर इतकं धुकं की पलीकडचा काठ आहे की नाही कळेना. सई नावाची मुलगी माझं तरुणपण करते. होडी निघायची आणि तिनं काठाकाठानं धावायचं, एवढंच.
स. माझ्या शेजारी खुर्चीवर, घोंगडं पांघरून. तिसऱ्या टेकला हळूच म्हणाले, "आता पडती."
म्हटलं, स्क्रिप्टमध्ये पडत नाही. कादंबरीतही नाही.
"त्यात नसंल."
सई शेवाळलेल्या दगडावरून घसरली. कमरेपर्यंत पाण्यात. डावं कोपर फुटलं. उठली आणि तशीच धावली, कारण कॅमेरा चालू होता. मानसी खूश, तोच टेक ठेवला.
मला स.कडं बघवेना. तो नदीकडंच बघत होता. माझे पाय मांडीपर्यंत गार पडलेले. मी सुक्यात बसले होते, मोजे घालून.
वर 'तो' लिहून गेले. राहू दे.

१४ डिसें.
स.ची प्रज्ञा आली होती. डब्यात घेवड्याची आमटी, भाकरी, खर्डा. मोकळी मुलगी. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "तुमीच का नदीवरच्या बाई?"
मी विचारलं, कोणी सांगितलं तुला?
"पप्पांनी. आमी सगळी चुलत भावंडं लहान होतो तेव्हापासनं. सुट्टीवर आले की रोज. आई म्हणायची, सांगा तिची गोष्ट, पोरं झोपतील."
"आईला चालायचं?"
"आईच आठवण करून द्यायची की. तुम्ही धावत आला, पडला, उठून परत धावला आणि होडीवाला काही थांबला नाही. आम्ही रोज विचारायचो, पप्पा, होडीवाला का नाही थांबला. ते म्हणायचे, पाणी लय हुतं."
पप्पा पुस्तकं वाचतात का, विचारलं. पेपर वाचतात म्हणाली.
मी तिला दुरुस्त केलं नाही. का नाही केलं? इतक्या लेकरांना झोपवलेली गोष्ट ती.

१५ डिसें.
गुडघा. तिळाचं तेल. शूटिंगला सुट्टी, जनरेटर बिघडला. दिवसभर काही नाही.

१७ डिसें.
हे नीट लिहायला हवं.
मालू मटार सोलत होती, मीही बसले. तिला सेटवरचं काहीएक सांगितलेलं नाही, हे आधी लिहून ठेवते. सहज विचारावं तसं विचारलं, सर्जेराव भरती होऊन गेला त्या दिवशी मी घरी कशी आले, तुला आठवतं?
"भिजून," मालू म्हणाली. शेंग सोलायची थांबली पण नाही.
"पावसात?"
"पाऊस कुठला, थंडीचं दिवस. परकर-पोलकं सगळं चिकटल्यालं. आईनं चुलीम्होरं बसवली तुला. कोपरातनं रगत. आबांना काय सांगायचं म्हणून आईनं मलाच गप केलं."
म्हटलं, कोपर सायकलवरून पडले तेव्हाचं. खूण दाखवली.
मालूनं माझ्याकडं बघितलं, लहान मुलाकडं बघावं तसं. "सायकल तुला कवा हुती आक्का? सायकल माझी. तुला चालवता तरी येती का?"
नाही येत.
उतार दिसतो मला. समोरून येणारी बैलगाडी, बैलाच्या गळ्यातली लाल दोरी, मी ब्रेक दाबते ते, खडी. सगळं दिसतं. आणि मला सायकल येत नाही. कधीच येत नव्हती.
जेवले नाही.

१९ डिसें.
स.ला सांगून टाकलं. गावाच्या पारावर बसलो होतो, लाईट लावायला वेळ होता. म्हटलं, तू म्हणतोस तसं नव्हतं. आपण स्टँडवर भेटलो, तुझा घसा बसला होता म्हणून बिनबर्फाचा रस प्यायलो, तू गाडीत बसलास. नदी नव्हती, होडी नव्हती.
त्यानं ऐकून घेतलं. संपल्यावर म्हणाला, "त्या दिवशी एस.टी. बंद हुती, वैजू. स्टँडला कुलूप. म्हणून तर कऱ्हाडच्या घाटावरनं होडीत बसलो, खाली पल्याड उतरलो आन् चालत रेल्वे गाठली. तुझ्या गावाच्या अंगानं होडी चालली हुती तवा तू दिसलीस." आणि वर, "मला घसाबिसा काय झाला नव्हता."
भांडण म्हणून बोलला असता तर बरं झालं असतं. माझीच समजूत काढत होता.
मग रस मी कोणाबरोबर प्यायले?
चव आहे अजून तोंडात, आलं जास्त पडलं होतं. समोरच्याचा चेहरा आठवायला बसले. काचेचा ग्लास येतो, तो धरलेला हात येतो. हात आज पहिल्यांदा नीट बघितला. सर्जेरावाचा नाही. बोटं आखूड आहेत, करंगळीला नख नाही. कोणाचा, माहीत नाही.

२० डिसें.
५ तारखेचं पान परत वाचलं. अक्षर माझंच.

२१ डिसें.
आमचा शेवटचा सीन झाला. म्हातारे दोघं होडीत, एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त पलीकडं जायचं. सकाळचं ऊन होतं, धुकं नाही. मानसीचं 'कट' लांबून ऐकू आलं. नावाडी होडी वळवायला लागला. स. म्हणाला, "साताऱ्याला येतीस का? कायमची. प्रज्ञाला इचारलंय. ती व्हय म्हणती."
मी म्हटलं, कोणाला बोलावतोयस? मला, का त्या नदीवरच्या पोरीला?
"दोन हायत व्हय?"
नावाडी आमच्याकडं पाठ करून वल्हवत होता. मी पाण्याकडं बघितलं नाही. का कोण जाणे, वाकून बघायचं धाडस झालं नाही.
पॅकअप. मानसीनं पाया पडून साडी दिली. युनिट संध्याकाळी गेलं. गावात एकदम किती शांत झालं. बाभळीला अडकलेला एक चहाचा कप राहिला.

२२ डिसें.
मालू म्हणते, माणूस चांगला आहे, जा. म्हणते, ह्या वयात खरं-खोटं काय करायचंय, सोबत महत्त्वाची. बरोबर आहे तिचं. पण मी गेले आणि तो रोज माझ्याकडं बघून तिची गोष्ट सांगत बसला तर? आणि त्याहून, ती मीच निघाले तर? मग एवढी वर्षं मी कोण म्हणून जगले?
फोन केला. म्हटलं, उत्तराच्या आधी ती जागा दाखव मला.
"चल की," म्हणाला.

२४ डिसें., संध्याकाळ
आलो जाऊन.
मलकापूर ओळखू येत नाही. हायवे, अपार्टमेंटं, आमचं घर होतं तिथं टायरचं दुकान. आबा आम्हाला कधी नदीला जाऊ देत नसत. शाळा, कॉलेज, घर, ह्याच्यापलीकडचं गाव मी पाहिलेलं नाही. स.नं गाडी डांबरी संपते तिथं लावली. उतरलो. भर दुपार, उसात वारा नाही, तरी पात घासल्याचा आवाज चालू होता.
चालायला लागलो. पहिल्या बांधाला डावीकडं, पडक्या मोटेच्या विहिरीला वळसा, मग दोन उसांमधली पाऊलवाट, इतकी अरुंद की पात गालाला लागते. गालाला लागायच्या आधी मी हात वर धरत होते. मधे एक ओघळ आहे, गवतानं झाकलेला, दिसत नाही. मी तो ओलांडून पलीकडं गेले आणि मागं वळून म्हटलं, जपून, इथं खड्डा आहे.
स. थांबला होता.
"वाट कशी गावली?"
म्हटलं, तूच सांगत होतास ना मागनं. डावीकडं, विहीर, सगळं.
"म्या तोंड उघडलं न्हाई, वैजू. मला ही वाट म्हाईतच न्हाई. मी पाण्यातनं आलोवतो."
मग दोघंही उभे. मी कान देऊन ऐकलं. मागून कोणी सांगत नव्हतं. पात घासत होती.
आलोच आहोत तर, म्हणून पुढं गेलो. काठ आला. चपटे काळे दगड, शेवाळ. मला काही आठवलं नाही. हे प्रामाणिकपणे लिहिते. ओळखीचं काहीही वाटलं नाही, परक्या गावच्या नदीसारखी नदी. फक्त पाय दगडांवर जपून पडत होते, कुठला डळमळतो ते त्यांना आधी कळत होतं.
स. पाण्याशी बसला, बूट काढून. पहिल्यांदाच तो मला म्हातारा दिसला आणि पहिल्यांदाच वाटलं, ह्याला घरी न्यावं, गरम काहीतरी द्यावं.
विचारलं, त्या दिवशी मी इथं उभी राहून काय म्हणाले? काहीतरी म्हणाले असेन ना.
"म्हणालीस की. दोनदा म्हणालीस, हात तोंडाशी धरून."
"काय?"
"ऐकू आलं न्हाई. होडी लांब गेलीवती." पाण्याकडं बघतच म्हणाला. "उभ्या जन्मात त्येवढंच ऐकायचं ऱ्हायलंय."

२५ डिसें.
कादंबरीत त्या जागी ती एक वाक्य बोलते. गॅदरिंगला मी ते बोलले, शाळेत फळ्यावर लिहिलं, मुलींकडून पाठ करून घेतलं. काल ते सांगितलं असतं तरी त्यानं खरं धरलं असतं. ओठांपर्यंत आलं होतं. नाही सांगितलं. ते त्या बाईचं वाक्य आहे.
स. आज साताऱ्याला परत. सकाळी इकडून होऊन गेला, मालूनं पोहे केले. उंबऱ्यात थांबून म्हणाला, "मी वाट बघतो. घाई न्हाई." गाडी वळेपर्यंत मी दारात होते.
मालूनं विचारलं, काय सांगितलंस? म्हटलं, 'सांगते' एवढंच म्हणाले त्याला.
दुपारी वर येऊन आरशासमोर उभी राहिले. दोन्ही हात तोंडाशी धरून बघितले, हाक मारताना धरतात तसे. तोंड आपोआप उघडलं. काहीतरी येत होतं, पहिलं अक्षर जिभेवर होतं.
खालून मालू म्हणाली, "आक्का, कोणाला हाक मारतीस?"