आबांच्या चपलेतलं बटण

“मी काय पळून जाणारं जनावर आहे का, पायात घंटा बांधायला?” आबा, चपलेत ते माग दाखवणारं बटण सापडल्यावर काल संध्याकाळी तुम्ही ओरडलात, तर मीही ओरडलो, “रस्ता विसरता म्हणून लावलं!” साफ खोटं. तुम्ही दुपारी न सांगता जाता कुठे, ते मला फोनवर बघायचं होतं.

जाहिरातीत म्हणतात, घरच्यांची काळजी मिटते. डोंबल! परवा त्या बटणाने तुम्हाला तळ्याच्या मधोमध दाखवलं आणि मी अनवाणी धावत सुटलो. काल दुपारी मला काढून टाकलं त्या शाळेत दाखवलं. तेही चूकच असणार म्हणून बघायला गेलो, तर तुम्ही ऑफिसबाहेर बाकावर बसलेले. शिपाई म्हणाला, “दर आठवड्याला येतात. नातवाला परत घ्या म्हणून मोठ्या सरांना हात जोडतात.”

तुम्हाला न दिसता पळालो. आणि हे सगळं माहीत असून संध्याकाळी तुम्हाला तसं बोललो. चुकलं माझं.

बटण काढून फेकलंय. चपलेचा तळ चिकटवून उन्हात ठेवलाय, संध्याकाळपर्यंत घालू नका. आज तिथे जाऊही नका. हात जोडायचे तर माझे मी जोडतो. ऑफिस अकराला उघडतं, निघालो.