पंप आणि कुकर एकदम लावू नकोस

गिलांग,

कपाटाखाली घरघरतोय तो बाबांचा जुना कॉम्प्युटर आहे. आता घरातलं सगळं इंटरनेट त्याच्यातूनच येतं, बंद करू नकोस. सोयाबीनचं टेंपे तळून ठेवलंय, भात तेवढा लाव. पण पाण्याचा पंप चालू असताना विजेचा कुकर लावलास तर मीटरला झेपणार नाही, वीज जाईल आणि कॉम्प्युटर पुन्हा उठायला वेळ घेईल. आज रविवार आहे. हाँगकाँगची मालकीण आईला घरकामातून एवढाच एक दिवस मोकळा सोडते, तिचा फोन याच इंटरनेटवर येईल.

"ताई, बायकांनी तारांत बोटं घालू नयेत," म्हणून दात काढलेस ना? घातली. त्या कॉम्प्युटरवर लिनक्स बसवलं आणि तुझ्या जुगाराच्या सगळ्या साइट बंद केल्या. बोंबलू नकोस. शेजारच्या तुतिककाकूंनाही सांगितलंय, त्या त्यांच्या वायफायचा पासवर्ड देणार नाहीत. तुझ्या मोबाइलच्या डेटाचं मात्र मी काही करू शकत नाही, एवढं मलाही कळतं.

मी कारखान्यात जादा पाळीला चाललेय. दमलेय रे.

तू जुगारात घालवलेली मोटारसायकल कुठे आहे, असं आई विचारेल. दर वेळी मीच "गॅरेजात टाकलीय" म्हणते. आज फोन तू घे.

वेनिंग